हाताचा मान व कानाची साक्ष

माझ्या पुतण्याच्या गिटारीला मागल्या पावसाळ्यांत नवा कंठ बसला. पुतण्या कॉलेजांत शिकतो, संध्याकाळीं दोन मुलांच्या शिकवण्या करतो आणि उरलेला वेळ विजेवर वाजणाऱ्या गिटारीच्या उपासनेंत घालवितो. गिटार साधारण किंमतीची. कारखान्यांतून हजारोंनीं निघणाऱ्यांपैकीं एक. आठ महिने शिकवण्यांचे पैसे सांठवून त्यानें एका कारागिराकडून तिच्यासाठीं हातानें गुंडाळलेला पिकअप करवून घेतला. टपालानें एक लहानशी पेटी आली. आंत बोटभर लांबीची वस्तु, आणि तिच्या पाठीवर शाईनें लिहिलेलीं कारागिराच्या नांवाचीं आद्याक्षरें. एका रविवारीं जुना पिकअप उतरवून नवा जोडण्यांत आला. घरच्या मंडळींना बोलावून पुतण्यानें आपला नेहमींचा एक तुकडा वाजविला आणि माझ्याकडे वळून विचारलें, "काका, फरक वाटतो ना?"

मीं "हो" म्हटलें.

त्या वेळीं दारापाशीं शेजारचा एक मुलगा उभा होता. त्याच्याजवळहि तशीच गिटार आहे. माझा 'हो' ऐकतांच त्याचा चेहरा उतरला. आपल्या वाद्याला आवाजच नाहीं, हें जणूं त्याला त्या क्षणीं कळून चुकलें. आठवड्याभरांत तो आपल्या वडिलांजवळ तशाच पिकअपसाठीं हट्ट धरून बसल्याचें कानीं आलें. वडिलांची मिळकत मला ठाऊक असल्यामुळें माझा तो 'हो' मला बोचूं लागला. फरक मला खरोखर ऐकूं आला होता काय? कीं आठ महिन्यांचे कष्ट, ती पेटी, तीं अक्षरें आणि पुतण्याच्या डोळ्यांतील आशा यांनींच माझ्या कानांच्या वतीनें उत्तर देऊन टाकलें होतें? प्रश्न घरगुती आहे. पण त्याच्या पोटांत दुसरा मोठा प्रश्न दडलेला आहे. माणसाच्या हातानें केलेल्या वस्तूला आपण जो मान देतों, तो तिच्या गुणाचा असतो कीं तिच्या कथेचा? आणि कथेचा मान गुणाच्या नांवावर खर्चीं टाकणें हें कितपत प्रामाणिकपणाचें?

ज्यांना या वाद्याचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं पिकअप म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८३१ सालीं मायकेल फॅरडेनें दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्यांतून जाणारें चुंबकीय क्षेत्र बदललें म्हणजे वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. पिकअप हें त्याच शोधाचें एक धाकटें अपत्य होय. गिटारीच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोंवतीं तांब्याच्या अति बारीक तारेचें वेटोळें असतें. वरची तार छेडली कीं चुंबकाचें क्षेत्र थरथरतें, वेटोळ्यांत क्षीणसा प्रवाह उठतो, आणि ध्वनिवर्धक त्याला मोठें रूप देतो. हवेंतला नाद पिकअप ऐकत नाहीं. तारेची हालचाल तेवढी तो ओळखतो. कॅलिफोर्नियांत तयार झालेली रिकनबॅकरची तव्यासारखी दिसणारी गिटार १९३२ सालीं विक्रीस आली, तेव्हांपासून आजपर्यंत या मूळ तत्त्वांत फरक पडलेला नाहीं.

एका वेटोळ्याच्या पिकअपांत ही तार सुमारें ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाएवढी असते, आणि तिचे जवळ जवळ ८,००० वेढे असतात. वेढे वाढले कीं आवाज जाड व जोरकस होतो, पण त्यांतील वरच्या स्वरांची झळाळी कमी होते. फिरत्या साच्यावर तार सोडतांना कारागीर ती बोटांच्या चिमटींत धरून इकडून तिकडे नेतो. त्यामुळें थर यंत्राच्या थरांसारखे एकसारखे बसत नाहींत. थोडे विस्कळित बसतात. थरांमध्यें मोकळीक राहिली म्हणजे वेटोळ्याची विद्युत् सांठविण्याची शक्ति घटते आणि वरचे स्वर अधिक उजळ निघतात. हें थोतांड नव्हे. यामागें पदार्थविज्ञान आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर कारागीर कानस फिरवून जवारी काढतो आणि मुका तंबोरा बोलूं लागतो, हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला एवढ्याशा फेरफारानें आवाज पालटतो या म्हणण्याचें नवल वाटणार नाहीं.

पण याच विज्ञानाची दुसरीहि साक्ष आहे, आणि ती हाताच्या भक्तांना तितकीशी रुचत नाहीं. हाताचा विस्कळितपणा यंत्रालाहि शिकवितां येतो. शिवाय पिकअप तारांच्या किंचित् जवळ किंवा दूर नेला, तारा नव्या चढविल्या किंवा ध्वनिवर्धकाचा कर्णा बदलला, तरी आवाज चांगलाच बदलतो. आणि या गोष्टींना आद्याक्षरें नसतात. तेव्हां हातामुळें फरक पडूं शकतो हें एक विधान, आणि या वस्तूंत तो पडला असून मला तो ऐकूं आला, हें अगदीं दुसरें विधान. पहिलें सिद्ध झालें म्हणून दुसरें सिद्ध होत नाहीं.

हातकामाच्या कीर्तीचा इतिहास पाहिला तर हा घोटाळा अधिकच उघड होतो. अॅबिगेल इबारा नांवाची बाई १९५६ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें फेंडरच्या कारखान्यांत कामाला लागली. तिचें काम पिकअप गुंडाळण्याचें. त्या काळीं त्या कामाला कोणी कला म्हणत नसे. तें कारखान्यांतील एक काम होतें, आणि दुकानांत गिटार घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे वेढे कोणी घातले हें विचारण्याचें कारण नव्हतें. पुढें कित्येक वर्षांनीं त्या काळच्या गिटारी दुर्मिळ झाल्या, आणि इबाराबाईच्या हातचा पिकअप ही एक मिरविण्याची गोष्ट झाली. २०१३ सालीं ती निवृत्त झाली तेव्हां वादकांच्या जगांत तिचें नांव आदरानें घेतलें जात होतें. हात तोच, तारहि तशीच. बदलली ती आपली नजर. हातानें केलेलें आणि कारखान्यांत केलेलें असे दोन निराळे वर्ग आपण कल्पितों. पण ज्यांना आज आपण हातकामाचे आदर्श मानतों ते पिकअप कारखान्यांतच जन्मले होते. उशिरां कां होईना, एका कामकरी बाईला मान मिळाला, याचा मला आनंद आहे. मात्र तो मान तिच्या श्रमाला मिळाला कीं दुर्मिळतेला, हा प्रश्न मनांतून जात नाहीं.

दुसरें उदाहरण गिब्सन कंपनीचें. घरांतील विजेच्या तारांमुळें एका वेटोळ्याच्या पिकअपांत एक अखंड गुणगुण शिरते. सेथ लव्हर या गिब्सनच्या तंत्रज्ञानें दोन वेटोळीं अशा रीतीनें जोडलीं कीं, दोहोंतील गुणगुण परस्परांस खोडून टाकी आणि तारेचा नाद मात्र एकत्र होई. त्यानें १९५५ सालीं पेटंटसाठीं अर्ज केला. पेटंट मिळालें १९५९ सालीं. मधल्या काळांतील पिकअपांच्या पाठीवर 'पेटंटसाठीं अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटविलेली असे, आणि त्या चिठ्ठीवरूनच ते आज ओळखले जातात. या पिकअपांत वेढ्यांची संख्या नेहमीं सारखी नसे. लोहचुंबकहि एकाच जातीचे नसत. हेतु निरनिराळे आवाज काढण्याचा नव्हता. मोजमाप तितकें काटेकोर नव्हतें, इतकेंच. पण पुढच्या पिढ्यांना त्याच विषमतेंत गोडी वाटली, आणि आज ती विषमता साधावी म्हणून कारागीर एकेक वेढा मोजून घालतात! त्या पिकअपांचा आवाज वाईट आहे, असें मला म्हणावयाचें नाहीं. त्यांतले कित्येक अप्रतिम आहेत. म्हणावयाचें आहे तें एवढेंच कीं, ज्याला आपण हाताची प्रतिभा म्हणतों, तो कधीं कधीं हिशेबाचा ढिलेपणाहि असतो. कोठें प्रतिभा व कोठें ढिलेपणा, हें कथेवरून ठरत नाहीं. तें कानानेंच ठरवावें लागतें.

तिसरें उदाहरण मला सर्वांत अधिक शिकवून गेलें. इंग्लंडमध्यें ब्रायन मे या शाळकरी मुलानें १९६३ सालीं आपल्या वडिलांच्या मदतीनें घरींच एक विजेची गिटार करावयास घेतली. दुकानांतली घेण्याची ऐपत नव्हती. जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीपासून त्यांनीं तिची मान घडविली. सुमारें दोन वर्षें काम चाललें. पिकअपहि त्यानें साधे लोहचुंबक आणून, तार गुंडाळून स्वतः केले. त्यांचा आवाज चांगला होता, पण तार बोटानें बाजूला ओढली कीं त्यांतून खरखर निघे. चुंबकांच्या ध्रुवांची मांडणीच तशी होती. मग त्यानें काय केलें? आपल्या हातचे पिकअप काढून ठेवले आणि बर्न्स कंपनीचे तीन तयार पिकअप विकत आणून बसविले. पुढें क्वीन या मंडळींबरोबर तीच गिटार त्यानें जगभर वाजविली. घरीं केलेल्या वस्तूंवर प्रीति करण्याचा अधिकार त्याच्याहून अधिक कोणाला असणार? पण त्यानें प्रीतीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलें नाहीं. साक्ष कानाची घेतली आणि निकाल स्वतःच्या विरुद्ध गेला तरी मानला. हाताचा याहून मोठा सन्मान मला दिसत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, एवढी उलटतपासणी कशाला? मुलाला आनंद झाला, सरावाला हुरूप आला, कारागिराला चार पैसे मिळाले. कल्पनेनें कां होईना, पण कल्याणच झालें. हा आक्षेप दिसतो तितका पोकळ नाहीं. आनंद ही कांहीं खोटी वस्तु नव्हे. पण न ऐकलेल्या फरकाला 'ऐकला' म्हणण्यानें तिघांचें नुकसान होतें. पहिलें कारागिराचें; कारण त्याची प्रतिष्ठा आपण असत्यावर उभारतों, आणि असत्य उघडें पडलें कीं त्याच्या खऱ्या श्रमाचाहि उपहास होतो. दुसरें वादकाचें, कारण पुढच्या खेपेस बोट अडखळलें म्हणजे तो बोटाकडे न पाहतां नव्या सुट्या भागाकडे पाहूं लागतो. आणि तिसरें नुकसान दारांत उभ्या राहिलेल्या त्या मुलाचें. ज्याच्याजवळ पैसे नाहींत, त्याला आपण नकळत सांगतों कीं, तुझ्या वाद्यांत संगीत नाहीं. आपल्या एका सौजन्याच्या 'हो'ची किंमत भलतेंच कोणी तरी देतें.

दिवाळीच्या सुटींत मीं पुतण्याला माझें मन उघडें करून सांगितलें. तो रागावेल असें वाटलें होतें, पण तो म्हणाला, "काका, आपण बघूंच." पिकअप बदलण्याच्या आदल्या दिवशीं आणि बदलल्यावर त्यानें एकच तुकडा ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. दोन्हींचा जोर सारखा केला. वहिनींनीं मनाला येईल त्या क्रमानें दहा वेळां ते ऐकवावयाचे, आणि आम्हीं दोघांनीं पाठमोरे बसून 'जुना' किंवा 'नवा' असें कागदावर लिहावयाचें, असें ठरलें. माझीं चार उत्तरें बरोबर आलीं, पुतण्याचीं सहा. नाणें उडवून लिहिलीं असतीं तरी पांचाच्या आसपास आलीं असतीं.

तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. नंतर म्हणाला, "हळू वाजवतांना मात्र हाताला वेगळें लागतें. हा तुकडा जोराचा होता." त्याच्या म्हणण्यांत तथ्य असूं शकेल. ऐकणाऱ्याच्या कानाला जें कळत नाहीं तें वाजविणाऱ्याच्या बोटाला कळतें, असा अनुभव वादक सांगतात, आणि माझ्यासारख्या न वाजविणाऱ्यानें तो हंसण्यावारी नेऊं नये. दहा वेळांच्या खेळानें या पिकअपांत गुण नाहीं असेंहि ठरत नाहीं. पण बोटाच्या साक्षीलाहि पाठमोरें बसण्याचा नियम लागू आहे, हें मीं म्हटलें तेव्हां तो हंसला व "कबूल" म्हणाला.

"मग आतां जुनाच पुन्हां बसवणार कां?" मीं विचारलें.

"नाहीं काका. ज्यानें हा केला त्याचें काम फार स्वच्छ आहे. पैसे फुकट गेले असें मला वाटत नाहीं. पण ते आवाजासाठींच दिले, असें आतां म्हणणार नाहीं."

मला वाटतें, या उत्तरांत प्रश्नाचा बराचसा उलगडा आहे. आठ हजार वेढे घालतांना ज्यानें केसाएवढी तार तुटूं दिली नाहीं, त्याच्या चित्ताच्या एकाग्रतेला मोल आहे, आणि तें देण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. आपण एका माणसाचा दिवस विकत घेतला आणि त्याला त्याचा दाम दिला, असें सरळ म्हणावें. तो मान हाताचा. त्याला कानाच्या खोट्या साक्षीची गरज नाहीं. आणि जेथें कानाची साक्ष खरी असेल तेथें ती निर्भयपणें द्यावी, मग वस्तु हाताची असो वा यंत्राची. हे दोन हिशेब निराळ्या वह्यांत ठेवले तर दोन्ही शुद्ध राहतात. एकाची तूट दुसऱ्यानें भरूं गेलें कीं दोन्ही बुडतात.

दुसऱ्या दिवशीं मीं शेजारच्या मुलाला बोलावून आणलें, त्याला आमचे दोन्ही कागद दाखविले आणि माझा 'हो' परत घेतला. त्याचा पुरता विश्वास बसला नाहीं. एकदां दिलेला शब्द मागें घेणें वाटतें तितकें सोपें नसतें. पण पुतण्यानें त्याची गिटार हातीं घेतली, स्क्रू पिळून तिचा पिकअप तारांच्या थोडा जवळ आणला, आणि तोच तुकडा तिच्यावर वाजविला. मुलगा दारांतून आंत येऊन बसला. यावेळीं फरक वाटतो कां, असें कोणीं कोणाला विचारलें नाहीं.