उसनी चाल आणि नामाचा अधिकार

आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वरमहाराजांच्या पादुकांना नीरेच्या पात्रात स्नान घडले, पालखी सातारा जिल्ह्याच्या हद्दीत शिरली आणि लोणंदच्या मुक्कामी विसावली, म्हणजे त्या बाजारपेठेच्या गावात दोन प्रकारचे भजन एकाच वेळी कानी येते. एक दिंडीचे : वीणा, मृदंग आणि टाळ एवढ्याच साहित्यावर उभे असलेले, पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होऊन स्थिरावलेल्या वारकरी चालींचे. दुसरे मांडवातले : पेटी, तबला आणि ध्वनिक्षेपक घेऊन बसलेल्या मंडळींचे, ज्यात अभंग तुकोबांचा असतो आणि चाल मात्र पुष्कळदा एखाद्या गाजलेल्या चित्रपटगीताची असते. पहिल्या भजनाविषयी कोणाची तक्रार नाही. दुसऱ्याविषयी मात्र जाणत्या वारकऱ्यांच्या मनात खंत असते, आणि ती खंत केवळ जुन्याच्या अभिमानातून उपजलेली आहे असे म्हणून तिची बोळवण करणे अन्यायाचे होईल.

पालखीसोहळ्याला आजची शिस्त लाभली ती सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा यांच्यामुळे. शिंद्यांच्या दौलतीतली सरदारी मागे टाकून आळंदीला येऊन राहिलेल्या या पुरुषाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिंड्यांचा क्रम, मुक्कामांचा शिरस्ता आणि भजनाची परिपाटी यांची घडी बसविली. चोपदाराने चोप उंचावताच हजारोंचा टाळघोष जिथे क्षणात थांबतो, तिथे शिस्त ही उपासनेचेच अंग मानली गेली आहे. अशा ठिकाणी पडद्यावरच्या प्रणयप्रसंगासाठी बांधलेली चाल विठ्ठलनामाला जोडावी की नाही, हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. पावित्र्य हे वस्तूच्या जन्मात असते की तिच्या विनियोगात, हा धर्मविचारातला जुना आणि अवघड प्रश्न तिथे उभा राहतो.

त्याचा विचार करताना मला पेटीच्याच कुळातल्या एका परक्या वाद्याचे साहाय्य होते. ते म्हणजे अँग्लो कॉन्सर्टिना. वाऱ्याने थरथरणारी धातूची पातळ पट्टी हे दोन्ही वाद्यांचे मूळ बीज. जर्मनीतील केम्निट्‌झ गावच्या कार्ल उलिगने १८३४ च्या सुमारास या जातीचे वाद्य घडविले, इंग्लंडात चार्ल्स व्हीट्‌स्टनने स्वतंत्रपणे वेगळ्या रचनेचे घडविले, आणि जर्मन स्वरयोजना व इंग्रजी कारागिरी यांच्या संयोगातून अँग्लो हा प्रकार निघाला. दोन्ही हातांच्या मध्ये भाता, दोन्ही बाजूंना मिळून बहुधा तीस कळा, आणि प्रत्येक कळेला भाता दाबताना एक स्वर व ओढताना दुसरा. यामुळे असे होते की काही स्वर एकत्र वाजविणे अशक्यच ठरते, कारण एक दाबण्यात असतो आणि दुसरा ओढण्यात. लांब आलाप घ्यावा तर भात्यातला वारा संपतो. तरीही आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या नृत्यगीतांपासून दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर आणि झुलू गायकीपर्यंत हे वाद्य रुजले, आणि अलीकडे तर चित्रपटांचे वाद्यवृंदसंगीत आणि संगणकीय खेळांतल्या धुना त्यावर बसविण्याचा छंद कित्येकांनी जोपासला आहे. १९८५ साली कोजी कोंडो या जपानी रचनाकाराने सुपर मारिओ या खेळासाठी संगीत केले ते यंत्राच्या चार-पाच आवाजांच्या मर्यादेत. उलट चित्रपटाच्या वाद्यवृंदात वादकांचा ताफाच असतो. दोन्ही ठिकाणची धून या तीस कळांवर आणायची म्हणजे बसविणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो काय सोडायचे याचा. कोणता स्वर हा धुनेचा प्राण, कोणता केवळ अलंकार, कुठे भाता उलटल्याने पडणारा खंड हाच लयीचा ठेका करून घ्यायचा, हे ठरविल्यावाचून एक ओळही पुढे सरकत नाही. धून जशीच्या तशी उचलण्याची सोयच या वाद्याने ठेवलेली नाही.

आपल्या पेटीचा इतिहासही याच वळणाचा आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेनचे हार्मोनियम पायाने भाता चालविण्याचे, खुर्चीवर बसून वाजविण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठी हातभात्याचे केले. या पेटीला मींड साधत नाही आणि तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हा आक्षेप इतका प्रबळ होता की १९४० मध्ये आकाशवाणीने तिला मज्जाव केला आणि तो सुमारे तीन दशके टिकला. त्याच्याही आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी नोकरीतले क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवून घेण्याचा खटाटोप केला होता; तो विद्वत्तेचा होता, परंतु लोकांत रुजला नाही. लोकांनी सदोष पेटीच स्वीकारली, आणि कोल्हापूरकडच्या गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी त्या दोषांतूनच वाट काढून तिला गाते केले. देवळात आज जी पेटी निःशंकपणे वाजते, ती जन्माने परदेशी, संस्काराने देशी आणि विनियोगाने वारकरी आहे.

चालीच्या बाबतीतही आपली परंपरा सोवळी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणले तेव्हा कीर्तनातल्या साक्या-दिंड्या नाटकात आल्या, आणि पुढे नाट्यपदांच्या चाली कीर्तनात परत गेल्या. पदाच्या माथ्यावर ते कोणत्या चालीवर म्हणावयाचे हे छापण्यात कोणाला संकोच वाटला नाही. गौळण हा प्रकार भजनात आहे आणि तमाशाच्या बोर्डावरही आहे. लावण्यांच्या शृंगारासाठी ख्यातनाम झालेल्या होनाजीची भूपाळी घराघरांतून पहाटे देवासाठी म्हटली गेली. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले पद लोकांना तुकोबांचेच वाटले. आणि आटपाडीकडच्या माणदेशात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांचे ‘प्रपंच’ मधील कुंभाराचे पद १९६१ मध्ये पडद्यावरून उतरले ते सरळ भजनी मंडळांच्या मुखी जाऊन बसले.

इतर धर्मांतही हेच घडले आहे. हान्स लेओ हास्लरचे १६०१ साली छापलेले प्रेमगीत पुढे ख्रिस्ताच्या यातनांच्या स्तोत्राला लागले, आणि बाखच्या सेंट मॅथ्यू पॅशनमध्ये तीच चाल अत्यंत गंभीर स्थळी पुनःपुन्हा येते. १८८२ मध्ये मुंबईत उतरलेल्या मुक्तिफौजेने जगभर प्रचारासाठी कॉन्सर्टिना हाती घेतला होता आणि करमणुकीच्या गाण्यांच्या चाली भक्तिगीतांना लावण्यात तिला पाप वाटत नव्हते. उलट दिशेचा, आणि मला अधिक अर्थगर्भ वाटणारा, दाखला साताऱ्याचाच आहे. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ‘देवाचा दरबार’ मांडून साताऱ्यास राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला परकीय चालींच्या जोडीला अभंग, भजन आणि कीर्तन दिले. कारण मराठी माणसाच्या हृदयापर्यंत जाणारी वाट तुकोबांच्या छंदातून जाते, याची त्यांना स्वानुभवाने खात्री पटली होती.

इतके दाखले दिले तरी मूळ आक्षेप मिटत नाही, कारण पूर्वी घडले म्हणून ते योग्य ठरत नाही. आक्षेपकाचे म्हणणे असे, की चाल ऐकताच तिच्याबरोबर तो प्रसंग, तो नट, ती नटी मनापुढे उभी राहते. मग ओठांवर विठ्ठल असून उपयोग काय? वेदान्ताने या ठिकाणी स्फटिकाचा दृष्टान्त दिलेला आहे : जास्वंदीच्या सान्निध्याने स्फटिक लाल दिसतो, पण लाली त्याची नसते, उपाधीची असते. स्वरांच्या क्रमात शृंगार नाही आणि वैराग्यही नाही. जे आहे ते आपल्या स्मृतीचे. हे तत्त्वतः खरे आहे. परंतु स्फटिकाजवळचे फूल दूर केल्यावाचून त्याचा शुभ्रपणा प्रत्ययाला येत नाही, हेही त्याच दृष्टान्तात आहे, आणि चालीच्या निर्दोषपणाचा दाखला देणारे लोक नेमके ते फूल दूर करण्याचे कष्ट टाळतात.

ते कष्ट कसे घ्यावे याचे शास्त्र आपल्याकडे वेदकाळापासून आहे. सामवेदात एखादे साम प्रथम ज्या ऋचेवर शिकवितात ती त्याची योनी. यज्ञात तेच साम दुसऱ्या ऋचांवर गावयाचे असते, आणि त्यासाठी ऊहगान व ऊह्यगान असे स्वतंत्र ग्रंथ आहेत. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा नववा अध्याय तर प्रयोजन बदलले असता कोणता फेरफार करावयाचा या ऊहविचाराला वाहिलेला आहे. अक्षरे नव्या गाण्यात बसविताना विकार, विश्लेषण, विकर्षण, अभ्यास, विराम आणि स्तोभ असे सहा उपाय सांगितले आहेत : वर्ण बदलणे, तोडणे, लांबविणे, पुन्हा म्हणणे, थांबणे आणि निरर्थक अक्षरांनी रिकामी जागा भरणे. ‘अग्ने’ चे ‘ओग्नायि’ होते ते याच विधीने. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, एका शब्दाची चाल दुसऱ्या शब्दाला देणे आपल्या सर्वांत प्राचीन गायनपरंपरेत निषिद्ध नव्हते. दुसरी, ती देताना फेरफार ऐच्छिक नव्हता, विहित होता.

येथे एक अडचण आहे आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सामगानात शब्दच ताणला जातो, वाकविला जातो. मग भजनात शब्द चालीखाली दबला तर तक्रार का करावी? याचे उत्तर मीमांसेच्याच अंगांगिभावात आहे. अंग म्हणजे गौण कोणते आणि अंगी म्हणजे प्रधान कोणते हे कर्मावरून ठरते. संतांनी संस्कृत सोडून मराठीत रचना केली ती अर्थ शेतकऱ्या-बलुतेदारापर्यंत पोहोचावा म्हणून. तेव्हा भजनात अर्थासह नाम हे अंगी आणि चाल हे अंग. सामात गान गुणवान ठरते ते यज्ञाच्या विधीने. अभंगात ते गुणवान ठरते ऐकणाऱ्याच्या आकलनाने. म्हणून इथे वाकायचे ते चालीने.

थोरल्या अभंगाचे चार चरण पाहावेत : सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे. ही शेवटची आखूड जागा कवीच्या हातून चुकून राहिलेली नाही. तिथे अर्थ पुरा होतो, टाळ झणाणतो आणि ऐकणारा श्वास घेतो. चित्रपटाची चाल मुखडा-अंतऱ्याच्या समान लांबीच्या ओळींवर बेतलेली असते, ती या चार अक्षरांना ओढून सहांएवढी करू पाहते, आणि नामाचे तुकडे पडतात. आणखी एक गोष्ट ध्यानी येते. चित्रपट स्मरतो तो मूळ सुरावटीने जितका, त्याहून अधिक दोन ओळींच्या मधल्या वाद्यतुकड्याने. पेटीवाल्याने तो तुकडा हुबेहूब वाजविला की सबंध पडदा मांडवात उतरतो. तो गाळावा, तिथे टाळ आणि नामघोष येऊ द्यावा, भजनी ठेक्याला न मानवणारी उडती हरकत सोडावी, चौथ्या चरणाचा विसावा अबाधित ठेवावा. इतके केल्यावर जर चालीत काही उरले, तर ते घेण्याजोगे होते. काहीच उरले नाही, तर ती चाल नसून केवळ सजावट होती, हे आपोआप कळते.

अँग्लो कॉन्सर्टिनावर हे काम वाद्यच बळजबरीने करवून घेते. पेटी तशी सक्ती करीत नाही. तिच्या पट्ट्यांवर कोणतेही गाणे सहज उतरते, आणि म्हणून जी शिस्त तिथे भात्याने लावली ती इथे वादकाने विवेकाने लावून घेतली पाहिजे. मर्यादा बाहेरून आली तर ती कारागिरी घडविते. स्वतःहून पत्करली तर तिला व्रताचे मोल येते.

तेव्हा माझा निवाडा असा : चाल कोठून आली यावरून तिला देवळाच्या दारात अडवू नये, आणि ऊह झाल्यावाचून तिला आत घेऊही नये. हरिपाठ आणि दिंडीच्या नित्यनेमाच्या चाली यांना हातच लावू नये, कारण तिथे फेरफाराचे प्रयोजन नाही. मांडवातल्या भजनाला ती मोकळीक आहे, पण मोकळिकीबरोबर जबाबदारी आहे. लोणंदच्या आणि पालखीमार्गावरील गावोगावच्या पेटीवाल्यांना माझी विनंती एवढीच, की नवी चाल बसविण्याआधी अभंग एकदा चालीवाचून, सावकाश, अर्थ समजून म्हणावा, आणि मग चालीला त्याच्यामागून चालण्यास सांगावे.