पहिले दोन हजार किलोमीटर

कोल्हापुरात एका कारखानदाराला तीन मुलं होती. थोरला मुलगा, मधली मुलगी आणि धाकटा मुलगा. तिघांनाही गाड्यांचं वेड. धंद्याला बरे दिवस आले, तेव्हा वडिलांनी तिघांना एकाच महिन्यात एकसारख्या स्पोर्ट्स कार घेऊन दिल्या. दोन दारं, सहा गिअर, रस्त्याला टेकलेली बुटकी बांधणी.

चाव्या हातात देताना वडील म्हणाले, "गाडी चालवायला तुम्ही शिकला आहात. नवी गाडी कशी चालवायची, ते मात्र मिस्त्रीकाकांना विचारून या."

मिस्त्रीकाकांचं उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगचं दुकान होतं. इंजिनांचे ब्लॉक घासण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. तिघं गेली तेव्हा काकांनी होनिंग करून ठेवलेला एक सिलिंडर उजेडात धरला आणि म्हणाले, "आत बघा. बारीक तिरप्या रेघा दिसतात? त्यांत ऑइल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासत घासत आपली जागा करतात. त्याला आम्ही रिंगा बसणं म्हणतो. रिंगा नीट बसल्या, की वरचा दाब खाली सुटत नाही आणि खालचं ऑइल वर जळायला जात नाही. हे सगळं सुरुवातीलाच होतं. नंतर करू म्हटलं तर होत नाही."

"मग काय करायचं, काका?" मुलीनं विचारलं.

"गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते करायचं. पहिले दोन हजार किलोमीटर आरपीएम साडेचार हजारांच्या वर न्यायचे नाहीत. सकाळी इंजिन थंड असताना ताणायचं नाही. पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नसतं, त्याला जास्त वेळ लागतो. नवे टायर गुळगुळीत असतात, पहिले तीनशे किलोमीटर त्यांच्यावर भरवसा टाकायचा नाही. ब्रेकचे पॅडही डिस्कवर बसायचे असतात, तोवर एकदम कचकन दाबायची वेळ आणायची नाही. आणि दोन हजार झाले की इंजिनाचं ऑइल, फिल्टर, डिफरन्शिअलचं ऑइल बदलायचं. सुरुवातीच्या घासणीत सुटलेले धातूचे कण त्यात उतरलेले असतात."

धाकट्याला एवढं ऐकायचा धीर नव्हता. तो म्हणाला, "गाडी पळायसाठीच बनवलीय ना?" आणि निघाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं थंड इंजिन लाल रेषेपर्यंत नेलं आणि आंबा घाट गाठला. उतारावर तो वळणावळणाला ब्रेक करकचून दाबत राहिला. पावसाची एक सर येऊन गेली होती. एका वळणावर नव्या टायरांनी पकड सोडली आणि गाडी दगडी कठड्याला जाऊन घासली. त्याला खरचटलंही नाही, हे नशीब. पण तेव्हापासून ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरायला लागलं. ऑइल बदलायलाही त्यानं वर्ष लावलं.

थोरल्यानं काकांचं अर्धं ऐकलं. ताणायचं नाही, एवढंच त्याच्या मनात राहिलं. गाडीवर त्याचा फार जीव. तो तिला पुण्याच्या हायवेवर काढायचा, सहावा गिअर टाकायचा आणि ऐंशीच्या एकाच वेगानं चालवत राहायचा. चढ नको, घाट नको, गिअर बदलणं नको. उरलेले दिवस गाडी कापडाखाली झाकलेली. वडिलांनाही वाटायचं, गाडी जपावी ती थोरल्यानंच.

मधलीनं सगळं ऐकलं होतं. पहिला आठवडा ती शहराच्या आसपासच फिरली आणि पुढची गाडी लांब असतानाच ब्रेकवर हलका पाय ठेवत आली. मग पन्हाळ्याचा चढ चढली. तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडीला ओढू द्यायची, मग पाय सोडून वेग उतरू द्यायचा. कधी दुसरा गिअर, कधी चौथा. पुढे गगनबावड्याच्या रस्त्याला लागली. पुस्तकातली मर्यादा तिनं ओलांडली नाही आणि गाडीला कामाविना ठेवलंही नाही. मधूनमधून ऑइलची पातळी बघायची. दोन हजार होताच तिन्ही गोष्टी बदलून घेतल्या. त्यानंतर मात्र तिनं गाडी मोकळी सोडली, तीही हळूहळू, थोडी थोडी वर नेत.

वर्ष झालं. थोरल्याच्या गाडीतून निळसर धूर येऊ लागला. दर हजार किलोमीटरला ऑइल टाकावं लागायचं. तो काकांकडे आला, तेव्हा त्याचा गळा दाटून आला होता. "काका, धाकट्यानं गाडी आपटली, तिचं समजू शकतो. मी तर हिला फुलासारखं जपलं."

काकांनी स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला आणि पडदा त्याच्यासमोर धरला. सिलिंडरची भिंत आरशासारखी चकाकत होती.

"लेकरा, रिंग नुसत्या स्वतःच्या ताणानं भिंतीला चिकटत नाही," काका म्हणाले. "जळलेल्या वायूचा दाब रिंगेच्या मागं शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. तू गाडीला कामच दिलं नाहीस, मग दाब येणार कुठून? रिंगा वरच्यावर घसरत राहिल्या, ऑइल रेघांवर जळलं आणि चकाकी चढली. आता इंजिन उघडून पुन्हा होनिंग करावं लागेल."

"मग धाकट्याचं बरोबर होतं?"

"त्याचंही नाही. हे बघ, तालमीत नवा पोरगा आला, तर वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी मोठ्या मैदानात उतरवत नाही. मोडेल तो. पण त्याला अंथरुणावर निजवूनही ठेवत नाही. आज पन्नास जोर, उद्या साठ, मग लहान जोड. असाच पैलवान घडतो. तुझ्या बहिणीनं तेवढंच केलं."

थोरल्यानं मान डोलावली. इंजिनाचं काम झाल्यावर त्यानं पहिले दोन हजार किलोमीटर बहिणीला शेजारी बसवून चालवले. धाकटाही डिस्क आणि पॅड बदलून आला आणि पॅड बसवायची रीत आधी विचारून मगच घाटाकडे वळला.

तात्पर्य : नव्याची घडण सुरुवातीच्या दिवसांतच होते. त्या दिवसांत घाई केली तर ते मोडतं आणि भीतीनं कामच दिलं नाही तर ते कच्चं राहतं. गाडी असो, कारखान्यात आलेला नवा कामगार असो की घरातलं वाढतं मूल, त्याला झेपेल तेवढं काम द्या, रोज थोडं वाढवा आणि मधूनमधून लक्ष घाला. जपणं म्हणतात ते यालाच.