‘संपूर्ण’ म्हणजे किती?

जॅझच्या रेकॉर्डी जमवणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच: सुटे अल्बम घ्यायचे की बॉक्स सेट? वरवर पाहता हा पैशांचा आणि कपाटातल्या जागेचा प्रश्न आहे. मीही बरीच वर्षं तो तसाच सोडवत आलो. एका बॉक्समध्ये तीन-चार अल्बमांचा ऐवज येतो, आधी कधी बाहेर न आलेलं संगीत मिळतं, वर जाडजूड पुस्तिका मिळते. मग सुटं कशाला घ्यायचं? हा हिशेब मला पटत होता. गेल्या वर्षी वडील गेले. त्यांच्या आवाजातली मुद्रणं कुणाला द्यायची, किती द्यायची हे ठरवायची वेळ आली, आणि माझा हिशेब पहिल्यांदा चुकला. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. जॅझचा अल्बम म्हणजे साधारण चाळीस मिनिटांचं संगीत, प्रत्येक बाजूला वीसेक मिनिटं. स्टुडिओत किंवा क्लबात वाजवलेलं बरंच असतं. त्यातून निवडून, क्रम लावून तो तयार होतो. बॉक्स सेट पुष्कळदा नेमकं उलटं करतो. जे जे टेपवर सापडलं ते सगळं, ज्या क्रमाने वाजलं त्या क्रमाने. एकाच रचनेचे तीन तीन टेक, अर्धवट सुटलेल्या सुरुवाती, मधलं बोलणं. अशा बॉक्सवर हमखास एक शब्द छापलेला असतो: ‘कम्प्लीट’. संग्राहकाच्या कमकुवत जागेवर हा शब्द बरोबर बोट ठेवतो. काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद होईपर्यंत मी तिथे कितीदा तरी केवळ या एका शब्दापायी पाकीट रिकामं केलं आहे.

दोहोंतला फरक मला सर्वांत स्वच्छ कळला तो बिल एव्हान्समुळे. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये पियानोवर एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर पॉल मोशन असे तिघे दुपारपासून रात्रीपर्यंत पाच वेळा वाजवायला बसले. रिव्हरसाइड कंपनीने ते मुद्रित केलं. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. एव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने जाहीरपणे वाजवलं नाही. त्या दिवसाच्या टेपांतून पहिला अल्बम निघाला तेव्हा त्याने आणि निर्माता ऑरिन कीपन्यूज यांनी लाफारोचं वादन पुढे येईल अशा बेताने निवड केली. अल्बम सुरू होतो लाफारोच्या ‘ग्लोरियाज स्टेप’ या रचनेने आणि संपतो त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’ने. म्हणजे तो अल्बम नुसता उतारा नाही. गेलेल्या मित्रासाठी काय पुढे ठेवायचं हे जिवंत माणसाने ठरवलेलं आहे.

२००५ साली तो अख्खा दिवस तीन सीडींच्या बॉक्समध्ये आला. त्याची सुरुवातही ‘ग्लोरियाज स्टेप’नेच होते, पण मध्येच वीज जाऊन तुटलेल्या टेकने. पुढे ग्लासांची किणकिण ऐकू येते, कुणीतरी हसतं, लोक आपापल्या गप्पांत असतात. अल्बम ऐकताना आपण शोक करणाऱ्याच्या शेजारी बसतो. बॉक्स ऐकताना, पुढे काय होणार याची काहीच कल्पना नसलेल्या गिऱ्हाइकांच्या टेबलाशी. मला दोन्ही जागा प्रिय आहेत. पण त्या एक नाहीत, आणि बॉक्समध्ये अल्बमातलं सगळं आहे म्हणून तो अल्बमची जागा घेतो, हा माझा समज चुकीचा होता. क्रम आणि वगळणं हेही अल्बमात होतं. ते बॉक्समध्ये नाही.

इथपर्यंत प्रश्न रुचीचा आहे. तो नीतीचा होतो चार्ली पार्करपाशी.

२९ जुलै १९४६ रोजी हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओत पार्कर डायल या छोट्या कंपनीसाठी वाजवायला आला. हेरॉइन मिळत नव्हतं, त्याची भरपाई तो दारूने करत होता. उभं राहणंही कठीण होतं. त्या दिवशीचं ‘लव्हर मॅन’ ऐका: पियानोची सुरुवात होऊन जाते आणि सॅक्सोफोन यायच्या जागी येतच नाही. येतो तेव्हा सूर फाटलेले, वाक्यं मध्येच सोडून दिलेली. त्याच रात्री हॉटेलात त्याच्या खोलीला आग लागली, त्याला अटक झाली आणि पुढचे सुमारे सहा महिने तो कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात होता. कंपनीचा मालक रॉस रसेल याने ते मुद्रण बाजारात आणलं. पार्करला ते अजिबात रुचलं नाही. १९५१ साली त्याने हीच रचना पुन्हा मुद्रित केली.

चार्ल्स मिंगससारखा जाणकार संगीतकार मात्र त्या १९४६च्या मुद्रणाला पार्करच्या सर्वांत मोठ्या कामांत धरायचा. मीही धरत होतो. घरी कुणी गाणं ऐकणारं आलं की डायलच्या बॉक्समधली ती सीडी काढायचो, आवाज थोडा वाढवायचो आणि म्हणायचो, “आता बघ हं, इथे तो सुरुवात चुकवतो.” हे वाक्य मी निदान वीस जणांना ऐकवलं असेल. त्यात मला काही खटकत नव्हतं. उलट, आपण कलावंताच्या फार जवळ पोचलोय असं वाटायचं.

आता कुणी म्हणेल, मग सरळ नियम करा: कलावंताने निवडलं तेवढंच ऐकायचं. पण ही निवड दर वेळी कलावंताची असते कुठे? टीना ब्रुक्स हा टेनर सॅक्सोफोनवादक घ्या. १९५८ ते १९६१ या काळात त्याने ब्लू नोट कंपनीसाठी स्वतःच्या नावाने चार अल्बमांइतकं संगीत मुद्रित केलं. त्यातला एकच, ‘ट्रू ब्लू’, त्याच्या हयातीत बाहेर आला. बाकी तीन कंपनीच्या कपाटात राहिले. १९७४ साली, अवघ्या बेचाळीसाव्या वर्षी तो गेला. पुढे मायकेल कस्कुना या माणसाने ब्लू नोटच्या जुन्या टेपा चिकाटीने उपसल्या आणि मोझेइक रेकॉर्ड्स ही बॉक्स सेटांनाच वाहिलेली कंपनी भागीदारीत काढली. तिने १९८५ साली ब्रुक्सचा बॉक्स आणला. त्यातलं संगीत ऐकून वाटत नाही की ते वाजवणाऱ्याने नाकारलं असेल. ते बाजाराच्या हिशेबात बसलं नसावं, इतकंच. ‘फक्त अल्बम’ असा सोवळा नियम पाळला तर ब्रुक्सवर दुसऱ्यांदा अन्याय होतो, आणि तो करणारे आपण असतो.

जॉन कोल्ट्रेनची गोष्ट आणखी वेगळी. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याच व्हॅनगार्डमध्ये त्याने ‘इंडिया’ ही रचना वेगवेगळ्या रात्री वाजवली. बॉक्समध्ये ती पुन्हा पुन्हा येते. बैठकीतलं गाणं ऐकून वाढलेल्या आपल्या कानांना यात अडचण नसते. एकाच गवयाचा यमन आपण चार मैफलींत चार वेळा ऐकतो. त्यातले तीन कच्चे आणि एक पक्का असं मानत नाही. इथे टाकाऊ असं काही नाहीच.

म्हणजे ‘संपूर्ण’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात: वाजवणाऱ्याला नको असलेलं, विकणाऱ्याला नको असलेलं, आणि केवळ तबकडीवर जागा नव्हती म्हणून राहिलेलं. बॉक्स तिघांना एकाच पुठ्ठ्यात बांधतो. पहिल्याच्या बाबतीत मात्र आपण कुणाच्या तरी नकाराला ओलांडून ऐकत असतो.

आता वडिलांबद्दल. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नाट्यपदं गायचे, कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर, गणपतीत मांडवात, त्यापलीकडे नाही. १९८८ सालची एक कॅसेट घरात आहे. त्यांनी दोन दुपारी बसून दहा-बारा पदं मुद्रित केली होती. नंतर स्वतः ऐकून चार ठेवली आणि बाकीच्यांवरून पुसून घेतलं. “चार बरी आहेत,” म्हणाले होते.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांना अर्धांगवायू झाला. बोलणं अडखळू लागलं, पण गाताना शब्द थोडे मोकळे यायचे. त्यामुळे मी त्यांना गायला लावायचो आणि मोबाइलवर मुद्रित करायचो. एकतीस मुद्रणं झाली. काही फार छान आहेत. शब्द विसरले की ते हसतात, मीही हसतो. एकात मात्र ते अंतऱ्याच्या सुरुवातीला अडले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडले. मग त्यांनी माझ्याकडे बघून उजवा हात वर केला. बंद कर. मी मोबाइल खाली घेतला, पण मुद्रण थांबवलं नाही. वाटलं, आता जमेल त्यांना. पुढची चाळीस सेकंदं नुसता श्वास आणि पंख्याचा आवाज आहे.

ते गेल्यावर ताईने नाशिकहून फोन केला. “सगळं पाठव. तुटकं असलं तरी.”

मी म्हटलं, “सगळं कशाला? कॅसेटवरची चार आहेत की. त्यांनीच निवडलेली.”

“तुला दोन वर्षं ते रोज ऐकायला मिळत होतं,” ती म्हणाली. “मला नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅसेटवरचे अण्णा पंचेचाळिशीचे होते, तिला हवे होते ते शेवटचे. टीना ब्रुक्सच्या बाजूने मी जे म्हणत होतो तेच ती म्हणत होती: तू कोण कपाट बंद ठेवणारा? ती बरोबर होती. आणि त्याच वेळी, आयुष्यात पहिल्यांदाच, मला ‘लव्हर मॅन’च्या पाहुण्यांसमोरच्या त्या वाक्याची लाज वाटली. इथे तो सुरुवात चुकवतो, बघ हं.

मी तिला तीस पाठवली. एकतिसावं आहे हे सांगितलं, त्यात काय आहे हेही सांगितलं, आणि ते का पाठवत नाही तेही. लपवलं असतं तर मी तिचीही निवड केली असती. ती दोन दिवस बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “पुसू मात्र नकोस.”

पुसलेलं नाही. ऐकलेलंही नाही.

तर बॉक्स की अल्बम? मला आता एकच एक उत्तर देता येत नाही, पण विकत घेण्याआधी एक गोष्ट बघतो: जे आधी गाळलं होतं ते कुणी गाळलं होतं? कंपनीने, तबकडीच्या लांबीने, नशिबाने गाळलं असेल तर बॉक्स घ्यावा, पदरचे चार पैसे जास्त घालून घ्यावा. वाजवणाऱ्यानेच हात वर केला असेल तर घाई करू नये. असं संगीत ऐकूच नये असं मी म्हणत नाही. ते नष्ट करावं असं तर मुळीच नाही. पुढे कुणाला पार्कर समजून घ्यायचा असेल तर तो दिवसही त्याला लागेल. पण अशा मुद्रणाकडे जाताना आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरतोय, एवढं भान असावं. निदान सोबत पाहुणे नेऊ नयेत.

डायलचा बॉक्स अजून कपाटात आहे. मागच्या महिन्यात मी एव्हान्सच्या त्या रविवारचा पहिला अल्बम सुटा विकत घेतला. त्यातली प्रत्येक रचना माझ्याकडे बॉक्समध्ये आधीपासून होती. बायकोने विचारलं, “हे आपल्याकडे नाहीये का?” मी म्हटलं, “हे नव्हतं.”