कुलूपबंद घर

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आपल्या समाजात एक प्रकार नित्य दृष्टीस पडतो. दिल्लीत करोलबागेत किंवा यमुनेपलीकडे पटपडगंजात भाड्याची जागा शोधीत हिंडणाऱ्या गृहस्थाचे स्वतःचे घर पुण्यास कोथरूडात असते, आणि त्याला कुलूप असते. येथे तो भाडेकरू, तेथे घरमालक. येथील वाढत्या भाड्याविषयी तो ज्या तळमळीने बोलतो, तिचा अंशही तेथील कुलपाविषयी त्याच्या मनास शिवत नाही. स्वकष्टाच्या पैशाने घेतलेले घर रिकामे ठेवण्याचा त्याला अधिकार आहे, हे निर्विवाद. परंतु अधिकार आहे एवढ्यानेच ते योग्य ठरते काय?

कुलपाच्या बाजूने जे सांगितले जाते ते सर्वस्वी खोटे नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने असंख्य जुन्या घरांचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून टाकले. रुपयाची किंमत घसरत गेली, भाडे जवळजवळ जागच्या जागी राहिले. कालांतराने ही व्यवस्था न्याय्य उरली नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ साली म्हटले. एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर निघत नाही, हे भय त्या अर्धशतकातले आहे. ते निव्वळ लोभापोटी जन्मलेले नाही.

परंतु ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा कायदा अमलात आला. लीव्ह अँड लायसन्सने दिलेले घर मुदतीनंतर न सोडणाऱ्यावर दुप्पट शुल्काची भरपाई त्याने लादली. भयाचे कारण बरेचसे सरले, भय मात्र राहिले. आणि त्याच्या आडोशाने आपली सोय, आपला आळस आणि किंमत वाढण्याची वाट पाहणे ही तिन्ही सुखेनैव नांदू लागली. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. त्याच शहरांतून माणसे जागेसाठी वणवण करीत होती.

आमच्या एका कुलपाने कोथरूडातील भाडे वाढते थोडेच, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण हाच युक्तिवाद दिल्लीतील आपल्या घरमालकाने केला असता, तर आज आपण कोठे राहिलो असतो? आपल्या डोक्यावरचे छप्पर परक्या माणसाने आपल्यावर टाकलेल्या विश्वासातून मिळाले आहे. तो विश्वास घ्यावयाचा, आणि आपल्या गावी बदलून आलेल्या शिक्षकास किंवा परिचारिकेस तो द्यावयाचा नाही, हा व्यवहार एकाच मापाचा नव्हे. येथे आडनाव आणि स्वयंपाक विचारला की आपण दुखावतो. तेथे तेच प्रश्न आपण दलालाकरवी विचारतो, हेही याच मापाचे दुसरे टोक.

वृद्ध आईवडील वर्षातून दोन महिने येऊन राहतात, किंवा निवृत्ती तोंडावर आली आहे, असे घर रिकामे म्हणता येणार नाही. आमचा आक्षेप वर्षानुवर्षे जे घर कोणाचीच वाट पाहत नाही, त्याच्याविषयी आहे. कायद्याने ते उघडावयास लावावे असे आम्ही म्हणत नाही. इतकेच म्हणतो की, घर बंद का आहे याचे उत्तर मालकाने स्वतःपुरते तरी द्यावे, आणि ते उत्तर येथील घरमालकाच्या तोंडी आपल्यास पटले असते काय, हे तपासून पाहावे.