चोक ओढा, थोडं थांबा

किकवीत पुणे-सातारा महामार्गापासून जरा आत, सावलीत उभ्या असलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीत बसा. गाडी जवळ नसेल तर मनानेच बसा, तेवढं पुरेल. वेळ पहाटेची धरू. तोंड साताऱ्याकडे आहे, उजव्या हाताला भोरकडचे डोंगर अजून निळसर आहेत. किल्लीला इतक्यात हात लावू नका. आधी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. कडं बारीक आणि मोठं आहे. गाडी उभी असताना ते फिरवायला खांद्यातून जोर लावावा लागतो. जोर लावून बघा. तो भार पुढच्या चाकांचा आहे, तुमच्या आणि चाकांच्या मध्ये नुसतं लोखंड आहे.

ही गाडी आपल्याच मुलखातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून इटलीच्या फियाटच्या नमुन्यावरची ‘डिलाईट’ बाहेर पडू लागली, पुढच्या दशकात तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. घराघरात मात्र तिला फियाटच म्हणत राहिले. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. आजची साधी घरगुती गाडीही तिला सहज मागे टाकते. हे मनाशी नीट मान्य करा, कारण वेगाचं कारण देऊन हा जिव्हाळा उलगडत नाही.

आता चोक ओढा. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा थोडी कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. किती ओढायचा हे कुठे लिहिलेलं नसतं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या डिसेंबरात तो पूर्ण लागतो, एप्रिलमध्ये जेमतेम. किल्ली फिरवा. इंजिन धरलं की कान द्या. आधी आवाज दाटलेला येतो, मग हळूहळू मोकळा होतो. तो मोकळा होईल तसा चोक आत सारत जा. तंबोऱ्याची तार जुळताना जसं कान सांगतात की आता पुरे, तसं इथे होतं. नव्या गाडीत हेच काम सेन्सर आणि संगणक करतात, तुमच्या-माझ्यापेक्षा अचूक करतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या ‘पत्ता लागत नाही’पाशी थोडं थांबा. आपल्या हातून नेमकं काय गेलं, ते इथे सापडतं.

क्लच दाबा. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली, डाव्या हाताला. पहिला पडला की हातात खट्‌ असं कळतं. एक्सलरेटरवर पाय टेकवा. तो पाय थेट कार्बोरेटरची झडप उघडतो. नव्या गाडीत पाय फक्त इच्छा कळवतो. किती, कधी आणि कितपत द्यायचं ते संगणक ठरवतो. बहुतेक वेळा तो शहाणपणाने ठरवतो. पण आपण केलं आणि लगेच झालं, मध्ये कुणाची परवानगी लागली नाही, हा अनुभव माणसाच्या हातांना फार जुन्या काळापासून हवा असतो असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या मंडळींची ओढही याच जातीची आहे. १९६४ची पॉंटिअॅक जीटीओ, आठ सिलिंडरचं साडेसहा लिटरच्या आसपासचं इंजिन. तिथून ‘मसल कार’चं युग धरतात. १९७३च्या तेलटंचाईने त्याचा जोर मोडला. आज विजेवरची शांत गाडी सिग्नलवरून निघताना त्या जीटीओला मागे टाकते, तरी माणसं जीटीओच सांभाळतात. त्या इंजिनापुढे आपली पद्मिनी किती लहान! ओढ मात्र तितकीच, कारण दोन्हीकडे यंत्राचे कष्ट चालवणाऱ्याच्या अंगापर्यंत पोचतात.

आता रस्त्याला लागा. डाव्या लेनमध्ये राहा. कंटेनर शेजारून जाईल, गाडी किंचित हलेल, हलू द्या. सारोळा, नीरेचा पूल, शिरवळ. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपला. काचा उघड्या ठेवा. सगळे आवाज एकदम ऐकायला जाऊ नका, एकेक वेगळा करा: टायरचा, वाऱ्याचा, इंजिनाचा. इंजिन एखादा ठोका चुकवतंय का? मिसिंग असेल तर प्लग असेल, डेल्कोतले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट असतील. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला तर इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, ही युक्ती फियाटवाल्यांच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक असे. बॉनेट उघडलं की कुठली नळी कुठे जाते ते डोळ्यांना दिसतं. जे दिसतं ते समजतं, आणि समजलेल्या वस्तूवर जीव जडायला वेळ लागत नाही.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. चारही ब्रेक ड्रमचे. धूर नव्या गाडीपेक्षा जास्त. रोज लेकरांना शाळेत सोडायला मी नवीच गाडी घ्या म्हणेन, आणि ते मनापासून म्हणेन. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवट ऑक्टोबर २०२३मध्ये झाला. शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदलेली, टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मुदत संपली. तिच्यासाठी हळहळलो तरी नियम चुकीचा होता असं मला वाटत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, मात्र रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. मला ही वाटणी योग्य वाटते. रोजची सोय एकीकडे, अधूनमधून लक्षपूर्वक चालवणं दुसरीकडे.

खंडाळा मागे पडलं, समोर खंबाटकी. पुण्याकडे येणारे बोगद्यातून येत, साताऱ्याकडे जाणाऱ्यांना घाट चढावाच लागे; आपणही घाटानेच जाऊ. तिसऱ्यात गाडी दमते आहे हे पायाला कळेल. थरथर सुरू होण्याआधीच दुसरा टाका. तापमानाचा काटा बघत राहा. तो चढायला लागला तर सुरक्षित जागा बघून थांबा, बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. यंत्र निवायला लागतो तो वेळ त्याचा आहे, तो त्याला द्या. तोवर आलेली वाट पाहा. इतक्या चढावर गाडी दमते, हे नव्या गाडीच्या गार, बंद काचांआड किती जणांना जाणवतं? इथे तुम्हाला घाटाची उंची कळली आहे.

माथ्यावरून वेळे गावाकडे उतरताना न्यूट्रल करायचा मोह होईल. करू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनालाच गाडी धरू द्या, ब्रेक मधूनमधून आणि हलके लावा. पायथ्याला पोचल्यावर खाली उतरून चाकांपाशी जा आणि वास घ्या. ब्रेक लायनिंग जळाल्याचा वास येत असेल तर अर्धा तास बसा. येत नसेल तर पाणी बघा, ऑइलची पट्टी बघा आणि सुरूरच्या दिशेने निघा.