न मानणाऱ्याशी किती वाद घालावा?

हवामान बदलत आहे हे एखाद्याला पटवून देताना तुम्हीही कधी थकून गेला असाल. मुळशी तालुक्यात हा वाद दर पावसाळ्यात रंगतो. आपण २५ जुलै २०२४ची आठवण करून द्यावी. चोवीस तासांत ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, लवासात बंगले दरडीखाली गेले. त्यावर समोरच्याने शांतपणे म्हणावे, "मुळशीत पाऊस काय आजचा आहे?"

त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस पूर्वीपासून कोसळतो. म्हणून तर शंभर वर्षांपूर्वी टाटांनी येथे धरण बांधले. एका दिवसाच्या आकड्याने हवामानबदल सिद्ध होत नाही, तो दीर्घकाळच्या नोंदींतून दिसतो. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या.

तरीही तो मानत नाही. माझ्या मते त्याचा नकार आकड्यांना नसतोच. डोंगरउतार कापून पाडलेले प्लॉट, त्यावर आलेला पैसा, मुलांसाठी रंगविलेली स्वप्ने. मान्य केले तर यातील काहीतरी सोडावे लागेल. आपण पावसाविषयी बोलत असतो, तो मनात जमिनीचा हिशेब करीत असतो.

आपल्यातील काहीजण मात्र हा नकार धर्माच्या नावे करतात. "सर्व अल्लाहच्या मर्जीने घडते, माणूस काय बदलणार?" असे ते म्हणतात. सूरह रूममध्ये तर भूमीवरील आणि समुद्रातील बिघाडाचे कारण माणसाच्या हातांची कमाई असे सांगितले आहे. तकदीरवरील श्रद्धा ही जबाबदारीतून सुटका नव्हे.

हजरत नूह (अ.) आपल्या लोकांत साडेनऊशे वर्षे राहिले. ते बोलू लागताच लोक कानांत बोटे घालीत. पोटचा मुलगाही ऐकेना. पूर आला तेव्हा तो म्हणाला, मी डोंगराचा आश्रय घेईन. आपल्या पुणे जिल्ह्यात माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगरच उतरला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली, हे आठवले की त्या उत्तराने अंगावर काटा येतो. परंतु नूह (अ.) यांनी त्या क्षणी काय केले, ते पाहा. पूर येणार हे मीच सांगत होतो, असे त्यांनी मुलाला सुनावले नाही. त्यांनी त्याला नौकेत बोलावले.

आपली बाजू खरी असूनही जो वाद सोडतो, त्याला जन्नतमध्ये घराची हमी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. मग गप्प बसावे काय? नाही, साक्ष लपविणे हा कुरआननुसार गुन्हा आहे. सोडायचा आहे तो जिंकण्याचा हट्ट. वादात माझा अहंकार पणाला लागतो, साक्षीत समोरच्याचा जीव.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात त्याच्याशी हवामानबदल या शब्दावर अडून बसू नका. घरामागच्या उतारावर नवी भेग पडली आहे का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले आहे का, झाडे वा खांब कलले आहेत का, एवढे विचारा. असे काही दिसताच रात्र असली तरी मुलाबाळांना घेऊन बाहेर पडायला सांगा. आणि मशिदीची किल्ली कोणाकडे असते, तेही त्याला आधीच सांगून ठेवा.