बॉडी अर्थ

12 व्होल्टने शॉक बसत नाही, म्हणून 12 व्होल्टची कोणाला भीती वाटत नाही, आणि भीती नाही म्हणून तिच्याकडे फारसं कोणी लक्षही देत नाही. अमेरिकेतली जुनी मोटरहोम घेणाऱ्यांना हे लवकरच कळतं. ट्रकच्या चासीवर बांधलेलं हे छोटं घर. त्यातला एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग 120 व्होल्टवर चालतात. ती वीज कॅम्पग्राउंडवरच्या खांबातून जाड केबलने येते, नाहीतर गाडीतल्या जनरेटरमधून. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे मात्र 12 व्होल्टच्या बॅटरीवर. इंजिनाची बॅटरी आणखी वेगळी. तीस-पस्तीस वर्षं झाली की यातलं काहीतरी बिघडणारच, आणि बहुधा ते 12 व्होल्टच्याच बाजूला बिघडतं.

मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या एका मित्राने निवृत्त झाल्यावर अशी गाडी घेतली, 1986 सालची. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तिचं दुखणं एकच होतं. नळ सोडला की पंप कण्हत कण्हत सुरू व्हायचा आणि बेसिनवरचा दिवा मिणमिणायचा. मित्राने आधी दिव्याचा बल्ब बदलला, मग पंप, मग बॅटरी. नवा पंपही तसाच कण्हू लागला. वहिनी म्हणाल्या, “पंप बदललात, बॅटरी बदललीत, आता गाडीच बदला.”

मित्राचं म्हणणं असं की व्होल्टेज पुरेसं आहे. त्याने पंपाच्या दोन्ही तारा सोडवून तिथे मीटर लावून पाहिला होता: 12.6. चांगल्या चार्ज झालेल्या बॅटरीचा हाच आकडा. पण डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण 10 मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम असतो. 12 व्होल्टवर त्यातून जो करंट जातो तो एका मायक्रोअँपिअरच्या आसपास. एवढ्याशा करंटला तारेतला एक न तुटलेला तंतूसुद्धा पुरतो. पंपाला सात अँपिअर लागतात, आणि ते त्या तंतूतून जात नाहीत.

आपल्याकडे घराघरांत असाच प्रकार घडतो. पंखा बंद पडला की कोणीतरी टेस्टर आणतं, बोर्डात लावतं, आतला लाल दिवा लागतो, आणि निकाल दिला जातो की लाइट आहे, पंखाच गेला. खरं तर न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर लागतो. त्याला लागायला मिलिअँपिअरसुद्धा नको. म्हणून जुने वायरमन खिशात टेस्टर असला तरी पिशवीत होल्डर, बल्ब आणि दोन तारांचा टेस्ट लॅम्प ठेवत. बल्ब करंट खातो. वाटेत कुठे जोड कच्चा असेल तर तो मंद पेटतो, किंवा पेटतच नाही. मला विचाराल तर महागड्या मीटरपेक्षा पहिल्या पाच मिनिटांत तोच जास्त कामाचा.

मोटरहोमसाठी याहून नेमकी एक चाचणी आहे. पंप चालू ठेवायचा. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट पंपाच्या काळ्या तारेवर. दोन्ही टोकं एकाच बाजूची, तेव्हा मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. आमच्या मीटरने 2.1 दाखवलं. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या व्होल्टेजपैकी दोन व्होल्ट काळी तार आणि चासी यांतून जाणाऱ्या परतीच्या वाटेवरच कुठेतरी खर्च होत होते. 1827 साली ओहमने मांडलेला नियम लावला तर सात अँपिअरला 2.1 व्होल्ट म्हणजे 0.3 ओहम. हा रोध घरच्या 230 व्होल्टच्या वायरिंगमध्ये असता, तर 60 वॉटच्या बल्बला त्याचा पत्ताही लागला नसता. 12 व्होल्टमधून दोन गेले तर पंप कण्हणारच. शिवाय 2.1 गुणिले 7, म्हणजे सुमारे 15 वॉटची उष्णता त्या एका जोडावर तयार होत होती, प्लायवूड आणि फोमच्या शेजारी. फ्यूज यावर उडत नाही. फ्यूजला जास्त करंट कळतो, कच्चा जोड कळत नाही.

जोड सापडला तो मागच्या चाकाच्या वर, जमिनीवर आडवं पडून हात घातल्यावर. चार काळ्या तारांच्या लगा, म्हणजे टोकांच्या धातूच्या कड्या, एकाच बोल्टखाली चासीला आवळलेल्या. वरून बोल्ट घट्ट होता. पाना लावून उघडला तर खालची लग हिरवी-पांढरी झालेली, आणि तिच्याखाली चासीचा काळा रंग तसाच होता; कारखान्यात तो खरवडायचा राहिला असावा, किंवा मधल्या कोणा मालकाने रंग मारल्यावर तार परत बसवली असावी. तितकी वर्षं करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात होता. त्यात त्या भागात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाखाली कुठे कुठे जाऊन बसतं ते सांगता येत नाही. एका तारेचं आवरण थोडं सोललं, तर आत तांबं वीतभर काळं पडलेलं.

लाल तारेची सगळे काळजी घेतात. तिला फ्यूज असतो, स्विच असतो, नकाशात तिचा रस्ता आखलेला असतो. काळ्या तारेबद्दल गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं: “लाव बॉडीला.” वऱ्हाड नेणारी बस महिनाभर आधी ठरते, जेवणं झाल्यावर मांडवाबाहेर उभं राहून परतीचं कसं करायचं हे विचारणारे कमी नसतात. वायरिंगमध्येही हेच चालतं, आणि मोठ्या वायरिंगमध्येही. वस्तीचा न्यूट्रल तुटला की कोणाकडे दिवे मंद होतात आणि कोणाचा टीव्ही जळतो, हे आपण पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या मोठ्या मोटरहोमच्या 50 अँपिअरच्या जोडणीत 120 व्होल्टच्या दोन बाजू आणि एकच न्यूट्रल असतो. तो सैल झाला तर एका बाजूचं व्होल्टेज चढतं, दुसरीचं उतरतं, आणि दोष मायक्रोवेव्ह बनवणाऱ्याच्या माथी जातो.

मित्राने तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चासी चकचकीत होईपर्यंत घासली, काळं पडलेलं टोक कापून नवी लग दाबली, वर ग्रीस लावलं. त्याच चाचणीत मीटर पार शून्याजवळ आला. पंपाचा आवाज बदललेला वहिनींना आतूनच कळला. जुना पंप अजून गॅरेजात पडून आहे, आणि तो बहुधा चांगलाच आहे.

तुमच्याकडे जीप असो, ट्रॅक्टर असो की अंगणात उभी राहून गंजत चाललेली जुनी कार, काहीही नवीन विकत आणण्याआधी बॅटरीची काळी केबल बॉडीला जिथे लागते तो बोल्ट उघडून बघा. मोटरहोम असेल तर त्याआधी खांबावरची जोडणी काढा आणि जनरेटर बंद करा. आणि बॅटरीवर काळी केबल आधी सोडायची, जोडताना ती शेवटी. उलट केलं, तर लाल टोकावरचा पाना बॉडीला टेकताच शॉर्ट होतो.